जमेची बाजू

सहामाही परीक्षा आटोपून दिवाळीची सुट्टी लागते, त्या दिवशी आमच्या शाळेतील प्रत्येक मुलाच्या हाती दोन गोष्टी पडतात. एक प्रगतिपुस्तक आणि दुसरे शाळेचे वार्तापत्र. प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी जाते. वार्तापत्र मात्र घरी पोचताच सर्वांना दाखवले जाते. आठच पाने असतात, पण दहावीचा निकाल, शिष्यवृत्ती मिळवणारी मुले, कबड्डीत उपान्त्य फेरी गाठलेल्या मुली, निवृत्त शिपायाचा सत्कार, आवारात लावलेली झाडे आणि त्यांतली जगलेली झाडे, असा सगळा मजकूर त्यांत मावतो. हे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा मला शुद्धलेखन येत असणार, असा मुख्याध्यापकांचा समज! माझ्या कादंबऱ्या गावात कितीजण वाचतात ते सांगण्यासारखे नाही. पण हे वार्तापत्र घरोघर वाचले जाते, आणि पूर्वी तर ते शेवटच्या पानापासून वाचले जात असे. कारण शेवटच्या पानावर देणगीदारांची यादी असे.

यादी रकमेच्या क्रमाने लागे. सर्वांत वर ठळक टाइपात गावातले मोठे व्यापारी, त्यांच्याखाली डॉक्टर, वकील, मग नोकरदार, मग पन्नास-पन्नास रुपयांची दाटी. वरून खाली वाचत आले की गावाची उतरंडच डोळ्यांपुढे उभी राही. ज्यांची नावे त्यात नसत, तेही त्या पानावर असत; फक्त छापलेले नसत.

शाळेने पालकांपुढे हात पसरावा काय, असा प्रश्न मला कधी पडला नाही. शाळा ही सरकारी अनुदानावर जगते हे अर्धेच खरे आहे. शिक्षकांचे पगार अनुदानातून निघतात. गळके छप्पर, मोडके बाक आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या यांच्यासाठी कुणाकडे तरी जावेच लागते. आणि महाराष्ट्रात शिक्षण उभे राहिले तेच मुळी मागून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्याला वसतिगृह चालवले. तेथील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. त्याच संस्थेचा मुष्टिफंड आमच्या भागातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. दळणकांडण करताना बायकांनी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते संस्थेला द्यायचे. दुसरीकडे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला आपल्या आईच्या स्मरणार्थ १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव लागले. आज हजारो मुली 'एस.एन.डी.टी.' ही चार अक्षरे रोज उच्चारतात. त्यांतील पहिल्या दोन अक्षरांत एका मुलाची आई बसलेली आहे, हे त्यांतल्या कितीजणींना आठवत असेल?

एकीकडे मूठभर जोंधळे आणि दुसरीकडे १५ लाख. दोन्हींतून मुली-मुले शिकली. तेव्हा मोठे दान खोटे आणि लहान दान खरे, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. नाव लावून दिलेले दानही मला वाईट वाटत नाही. पण या दोन्ही दानांत एक गोष्ट समान होती, ती माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला. ठाकरसींनी पैसे द्यावेत म्हणून कुणा मुलीला वर्गात उभे राहावे लागले नाही. आणि पोत्यात पडल्यावर कुणाची मूठ मोठी होती आणि कुणाची रिकामी, हे जोंधळ्यांवरून ओळखता येत नाही.

मी मात्र एका मुलाला उभे केले आहे.

२००४ सालची गोष्ट. प्रयोगशाळेचे कौलारू छप्पर पावसाळ्यात इतके गळे की प्रयोगाचे सामान टेबलाखाली ठेवावे लागे. छप्परनिधी काढायचे ठरले. प्रत्येक पालकाला चिठ्ठी गेली: किमान पन्नास रुपयांची ऐच्छिक देणगी द्यावी. 'किमान' आणि 'ऐच्छिक' हे दोन शब्द एका ओळीत कसे नांदतात, हे मी मराठीचा शिक्षक असूनही त्या वेळी मला खटकले नाही. वर्गशिक्षकांनी रोज हजेरीनंतर राहिलेल्या मुलांची नावे वाचावीत, अशी सूचना होती. मी वाचू लागलो. नाव वाचले की मुलगा उभा राही आणि 'उद्या आणतो' म्हणून खाली बसे. आठवड्याभरात उभे राहणारे कमी कमी होत गेले. शेवटी एकच मुलगा उरला.

तो हुशार होता. त्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीच्या वक्तृत्वस्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले होते, जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश. चौथ्या दिवशी त्याने पन्नासाची नोट माझ्या टेबलावर ठेवली. मी सर्व वर्गासमोर त्याला 'शाबास!' म्हटले, पावती फाडली, आणि माझ्या वर्गाचा निधी पुरा झाल्याचे समाधान घेऊन घरी गेलो. दिवाळीच्या वार्तापत्रात त्याच्या वडिलांचे नाव छापून आले: रु. ५०.

सुट्टीनंतर दुसऱ्या एका मुलाच्या बाकावर मला तो शब्दकोश दिसला. आतल्या पानावर शाळेचा शिक्का होता आणि बक्षीस मिळवणाऱ्याचे नाव माझ्याच अक्षरात होते. पन्नास रुपयांना विकत घेतला, असे त्या मुलाने सरळ सांगितले. त्यात त्याचा काही अपराध नव्हता.

मी संध्याकाळी पहिल्या मुलाच्या घरी गेलो. वडील बाजार समितीत हमाली करीत. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "सर, चिठ्ठी मी वाचली होती. त्यात ऐच्छिक लिहिलं होतं. म्हणून पोराला म्हटलं, यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी बघू."

त्या शब्दावर विश्वास ठेवणारा सबंध गावात तो एकटाच माणूस निघाला. आम्ही छापला, पण आमचा त्यावर विश्वास नव्हता. मी तो शब्दकोश विकत घेऊन मुलाला परत देऊ लागलो. त्याने हात पुढे केला नाही. म्हणाला, "सर, तो आता त्याचा आहे." मी तो घेऊन आलो त्याच पावली दुसऱ्या मुलाला परत दिला.

तेव्हापासून ऐच्छिक म्हणजे काय, याचा मी विचार करीत आलो आहे. जबरदस्ती तेवढी कायद्याला दिसते. महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना कॅपिटेशन फी घेण्याची बंदी झाली. २००९चा बालशिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रवेश देताना देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो, असे त्यात आहे. हे कायदे हवेतच. पण ते दारात उभे आहेत. वर्गात हजेरीनंतर मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलाला कोणता कायदा दिसणार? त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. मी त्याला रागावलो नव्हतो, छडी उगारली नव्हती. मी फक्त त्याचे नाव वाचले होते.

मला आता असे वाटते की एखादे देणे ऐच्छिक आहे की नाही, हे देणाऱ्याकडे पाहून कळत नाही. ते न देणाऱ्याकडे पाहून कळते. ज्याने दिले नाही तो ताठ मानेने वावरू शकत असेल, तरच ज्याने दिले त्याने आपखुशीने दिले असे म्हणता येईल. नाही तर सर्वांनीच भीतीने दिले. काहींची भीती मोठ्या रकमेची होती, एवढाच फरक.

हे मी शिक्षकांच्या सभेत बोललो. पुष्कळ वाद झाला, पण २००५च्या वार्तापत्रातून यादी गेली. केवळ एकूण जमा किती आणि खर्च किती, एवढेच छापले. आपण फार मोठी सुधारणा केली, अशा आनंदात मी होतो.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी एक बाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या. मुलगी आठवीत. हातात वार्तापत्राची घडी होती.

"गुरुजी, औंदा माझं नाव न्हाई व्हय छापलं? एकशेएक दिल्यात म्या. पावती हाय."

मी त्यांना सगळे समजावून सांगितले. कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून यादी काढली, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ते खरं. पर माझं नाव कुठं छापून येतंय, गुरुजी? पोरीला दावलं असतं."

मला उत्तर सुचले नाही. यादीमुळे ज्यांना लाज वाटते, त्यांचाच मी विचार केला होता. यादीमुळे ज्यांची मान वर्षातून एकदा वर होते, त्यांचा केला नव्हता. डॉक्टरांचे नाव दवाखान्याच्या पाटीवर असते, व्यापाऱ्याचे दुकानावर असते. या बाईंचे नाव वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर येणार होते आणि ते मी तत्त्वासाठी खोडले होते. गुप्तदानाची थोरवी सांगणे सोपे आहे. पण गुप्त राहण्याचा कंटाळा यायला आधी माणसाला कुणी ओळखावे तर लागते!

पुढल्या वर्षापासून आम्ही एक मधला मार्ग काढला, तो अजून चालू आहे. नावे छापतो, रकमा छापत नाही. क्रम अकारविल्हे. पैसे देणारे, बाकांना रंग लावायला आलेले, गॅदरिंगला मांडव घालून देणारे, सगळे एकाच यादीत. हिशेब निराळा छापतो, आणि तो मात्र पैशापर्यंत काटेकोर. कारण कुणी किती दिले हे गावाला कळण्याची गरज नसली, तरी शाळेने ते कशात घातले हे कळण्याचा गावाला हक्क आहे. वर्गात देणगीचा विषय काढायचा नाही, चिठ्ठी मुलाच्या हाती द्यायची नाही, पावती कार्यालयातच फाडायची, असा नियम केला.

याची किंमत पडली नाही असे मात्र नाही. एका व्यापाऱ्याने मला सरळ विचारले, "पन्नास हजार देणारा आणि पन्नास देणारा एकाच ओळीत?" मी हो म्हटले. त्यांनी त्या वर्षी पाच हजार दिले. माणूस वाईट नव्हता. आपल्या देण्याची दखल घेतली जावी, असे त्या भाजीवाल्या बाईंइतकेच त्यालाही वाटत होते, आणि एकीची इच्छा मला हृद्य वाटावी व दुसऱ्याची गर्विष्ठ वाटावी, यात माझाही काही पक्षपात असेल. परिणाम एवढा झाला की प्रयोगशाळेचे छप्पर २००७च्या उन्हाळ्यात पुरे झाले. जुन्या पद्धतीने गेलो असतो तर दोन पावसाळे आधी झाले असते. त्या दोन पावसाळ्यांत ज्या मुलांनी टेबलाखालून सामान काढून प्रयोग केले, त्यांना माझ्या तत्त्वाने कोरडे ठेवले नाही. हा हिशेबही मांडलाच पाहिजे. तरीदेखील मी तोच निर्णय पुन्हा घेईन असे मला वाटते. गळके छप्पर पुढे-मागे दुरुस्त होते. मुलाने उतरवलेली मान आपल्याला पुन्हा वर करता येतेच असे नाही.

आता काळ बदलला आहे. पालकांचे गट मोबाइलवर असतात. मागच्या वर्षी एका वर्गाच्या गटावर कुणी उत्साही पालकाने 'मी इतके भरले' असे लिहिले, आणि तासाभरात त्याखाली नावांची आणि रकमांची रांग लागली. हेतू चांगला होता. पण जी यादी वर्षातून एकदा छापून येई, ती आता रात्री नऊ वाजता प्रत्येकाच्या उशाशी येऊन वाजते. ज्याने भरले नाही, तो ती पाहतो, आणि त्याने पाहिली हेही सर्वांना दिसते. आम्ही शाळेतर्फे विनंती केली, रांग थांबली. पुन्हा सुरू होणार नाही असे मी म्हणत नाही.

यंदाच्या वार्तापत्राची मुद्रिते तपासताना जुन्या अंकांची फाइल हाताशी होती. २००४चा अंक उघडला. शेवटच्या पानावर, पन्नासांच्या दाटीत, त्या हमालाचे नाव अजून आहे. ज्याने दिले नाही त्याच्या नावावर, ज्याने दिले त्याचा शब्दकोश जमा झालेला. तो मुलगा दहावी होऊन पुण्याकडे गेला एवढे मला ठाऊक आहे. पुढे भेट झाली नाही.

वाण्याच्या वहीत दोन बाजू असतात, एक जमेची आणि एक नावेची. आम्ही ते पन्नास रुपये जमेच्या बाजूला छापले. ते शाळेच्या नावे मांडायला हवे होते.