गळती बुजविणारे वडील

यहेज्केलाच्या 27 व्या अध्यायात सोर नगरीला देखण्या गलबताची उपमा दिली आहे. लबानोनच्या गंधसरूची डोलकाठी, बाशानच्या ओकाची वल्ही! हे आपण आवडीने वाचतो. नवव्या वचनातील गबालचे वडील व कुशल माणसे मात्र, जी गळती बुजवीत, त्यांच्यापाशी आपण थांबत नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आहेत. पिछाडीच्या ज्या आडव्या भिंतीवर इंजिन टांगतात, तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून ती चकचकीत. आत बहुधा प्लायवूड असते. बोल्टांच्या छिद्रांतून पाणी झिरपते व ते कुजते. जाणता कारागीर रंगावर विसंबत नाही. तो हातोडीने ठोकतो. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द. मग आतून बारीक भोक पाडतो. भुसा ओला, काळपट निघाला की निदान झाले. नुसते बाहेरून लिंपले तर पाणी आतच कोंडते. आतला थर कापून कुजके सगळे काढावे, उरलेले वाळवावे, नवे मरीन प्लाय इपॉक्सीने बसवून वर पुन्हा फायबर चढवावे, प्रत्येक छिद्र बंद करावे. काम खर्चाचे व कंटाळवाणे. पण टाळले तर भर समुद्रात इंजिन निखळू शकते.

आपल्या मंडळीतील जुन्या भांडणांना आपण नाताळच्या आधी हस्तांदोलनाचा रंग देतो. आत ओल तशीच. ठोकून कोणी पाहावे? यहेज्केल आधी वडिलांचे नाव घेतो. वडीलमंडळाच्या पुढील बैठकीत, व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांतही, हा अध्याय उघडावा, ही आमची विनंती.