हिरीत किती परस?

बदनापूर तालुक्यातल्या एका गावात शेतकीची पदवी घेतलेला एक मुलगा रोज संध्याकाळी पारावर बसून मोबाइलवरचे लेख वाचून दाखवायचा. 2023 चा ऑगस्ट होता, 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. कपाशीने माना टाकल्या होत्या आणि जिकडेतिकडे एल निनोवर लेख येत होते. मुलगा ते जीव ओतून समजावून सांगे. प्रशांत महासागराचं पाणी विषुववृत्तापाशी तापलं की आपला पाऊस पुष्कळदा रोडावतो. माणसं माना डोलावत. मग हवामान खातं, सरकार, अमेरिका अशा सगळ्यांवर बोलणं होई आणि जेवणवेळेला पार रिकामा होई.

एकदा मोसंबीवाल्या आत्यांनी विचारलं, "समुद्र तापला ते कळलं, लेका. तुमच्या हिरीत किती परस पाणी हाय?"

मुलाला सांगता आलं नाही. पारावरच्या कुणालाच आलं नाही.

आत्यांच्या मनात 2013 चा उन्हाळा होता. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला, तरी त्यांच्या घरच्यांनी झाडावर फळ ठेवलं. विहीर आटल्यावर टँकर विकत घेतले आणि शेवटी उभ्या बागेला कुऱ्हाड लावली. जिल्ह्यात तेव्हा अशा कितीतरी बागा सरपणाला गेल्या. पाऊस कमी झालाय हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आहे ते पाणी कुठवर पुरेल, हे त्यांच्या घरात कुणी मोजलं नव्हतं. चांगला लेख वाचण्यातला धोका मला इथेच दिसतो. कारण कळलं की काम झाल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मुलाने दोरीला दगड बांधला आणि विहिरी मोजायला घेतल्या. दर आठवड्याचे आकडे वहीत चढू लागले. मग तो कडवंचीला गेला. जालना तालुक्यातल्या या गावाने खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं केली, शेततळी खोदली आणि 2012 च्या दुष्काळातही द्राक्षबागा टिकवल्या. हे सारं त्याने आधी वाचलेलंच होतं. पण तळ्याच्या काठावर उभं राहिल्यावर वेगळे प्रश्न सुचले: गाळ कोण काढतं, तळ्यातला प्लास्टिकचा कागद किती वर्षं टिकतो, पाणी कमी पडलं तर आधी कुठलं पीक सोडायचं?

ऑक्टोबरअखेर सरकारने जाहीर केलेल्या 40 दुष्काळी तालुक्यांत बदनापूर आलं. मोसंबीचा आंबे बहार धरायची वेळ जवळ आली तेव्हा आत्यांनी वही मागवली. उतरत्या आकड्यांवरून स्पष्ट होतं, पाणी झाडांना पुरेल, फळांना नाही. त्यांनी बहार सोडला. नातीच्या शिक्षणाचा खर्च त्या फळांवर होता, तरी सोडला. आळ्यांत भुसकटाचं आच्छादन केलं, खोडांना बोर्डो पेस्ट लावली, फांद्या हलक्या केल्या. बाग जगली.

लेख अजूनही वाचले जातात, पण आधी विहिरींचे आकडे सांगितले जातात. त्या आकड्यांनीच एक भांडण उभं केलं. ओढ्याकाठी नवे बोअर चालू झाले त्या आठवड्यापासून शेजारच्या विहिरी झपाट्याने उतरल्याचं वहीत दिसलं. बोअरवाले म्हणतात, पाऊसच कमी होता. विहिरीवाल्यांनी विषय ग्रामसभेत नेला आहे आणि आत्यांनी मुलाला वही घेऊन यायला सांगितलं आहे. त्यातला एक बोअर त्याच्या सख्ख्या चुलत्याचा आहे.