अदृष्टाची पाळी

न्यायदर्शन अदृष्ट मानतं. कणादांच्या वैशेषिकसूत्रांत तर चुंबकाकडे सुई सरकते तीही अदृष्टामुळेच, असं सांगितलं आहे. मीही प्रारब्ध मानते. माझा प्रश्न एवढाच आहे की त्याचं नाव घ्यायचं कधी?

गेल्या उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना आमच्या गाडीचा काटा लाल रेघेला टेकला. पुढे मालट्रकांची रांग. "निघताना मांजर आडवं गेलं, तेव्हाच मी म्हटलं होतं," सासूबाई म्हणाल्या. भाऊजींचं म्हणणं, घाटात गाडी तापायचीच.

पण घाट उतरून वेग घेतला तसा काटा खाली आला आणि सुरूर फाट्याच्या गर्दीत, सपाटीवर, पुन्हा चढला. तेव्हा चढ हे काही कारण ठरत नाही. तर्कसंग्रह शिकवताना मी हेच सांगत असे: अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, सरपण ओलं हवं. तो ओलेपणा ही उपाधी, म्हणजे आड दडलेली अट. इथे उपाधी होती संथ वेगाची. गाडी पळत असली की समोरचा वारा आपसूक रेडिएटरच्या जाळीतून जातो. खोळंब्यात तो पंख्यालाच ओढावा लागतो. उलट, मोकळ्या रस्त्यावर भरधाव असताना तापली असती, तर थर्मोस्टॅट, वॉटर पंप, तुंबलेला रेडिएटर यांच्यावर संशय घ्यावा लागला असता.

फाट्यावरच्या मेकॅनिकने आधी कुणाला रेडिएटरच्या टोपणाला हात लावू दिला नाही. दाबाखालचं कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण टोपण सैल झालं की उसळून अंगावर येतं. इंजिन निवल्यावर त्याने पातळी पाहिली, ठीक होती. एसी लावला, तरी पंखा गप्पच. फ्यूज शाबूत. बॅटरीवरून थेट वायर दिली, तर पंखा गरगर फिरला; म्हणजे मोटर चांगली. मग त्याच मापाचा हॉर्नचा रिले काढून त्याने पंख्याच्या जागी बसवला. पंखा सुरू. जुना परत बसवला. बंद. तोच जुना हॉर्नच्या जागी लावला, तर हॉर्न मुका.

असलं की घडतं, नसलं की घडत नाही: अन्वय-व्यतिरेक तो हाच. मांजर आधी आलं हे खरं, पण कुंभाराचं गाढवही माती घेऊन घटाच्या आधीच येतं, आणि नैयायिक त्याला अन्यथासिद्ध म्हणून कारणांतून वगळतात. दिसणारी कारणं न तपासता अदृष्टावर बोट ठेवणं हा मला अदृष्टाचाच अपमान वाटतो, आणि तो श्रद्धाळू घरांतच जास्त होतो याचं वाईट वाटतं.

मेकॅनिकने रिलेचं कवच उघडून आतले जळून काळे पडलेले पॉइंट दाखवले. ते त्याच दिवशी, आम्ही सगळे गाडीत असतानाच का जळावेत, हे त्याला सांगता आलं नाही. तिथे मीही प्रारब्ध म्हणते, आणि सासूबाईंशी माझा वाद उरत नाही.