हुनर ही कुणाची अमानत?

मोगल चित्रशैलीवर आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. रंगांची झळाळी, सोन्याचा वापर, किनारीवरची वेलबुट्टी, इराणी आणि हिंदी शैलींचा संगम, या सगळ्याची चर्चा होते. पण ती चित्रे काढणारे हात लहानपणी कसे होते, ते कुणाच्या मांडीजवळ बसून शिकले आणि त्यांना तिथे कुणी आणून बसवले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मला वाटते, शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तरी तो विचारला पाहिजे. कारण त्यामागे कलेच्या इतिहासापेक्षा मोठा, नीतीचा प्रश्न उभा आहे. एखाद्या मुलाच्या अंगी हुनर असेल, तर ते कुणाचे? मुलाचे, बापाचे, उस्तादाचे, की ज्याने ते प्रथम ओळखले त्याचे?

तीन मुलांची उदाहरणे घेऊ.

पहिला मुलगा हेरातचा, पंधराव्या शतकातला. कमालुद्दीन बिहजाद. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले. मीरक नक्काश या चित्रकाराने त्याला वाढवले आणि शिकवले. हा मीरक सुलतान हुसेन बायकराच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. पुढे याच अनाथ मुलाने १४८८ साली सादीच्या ‘बोस्तान’च्या हस्तलिखितासाठी जी चित्रे काढली, ती आज कैरोत जपून ठेवलेली आहेत. शाह इस्माईलने त्याला तबरीझला आपल्या ग्रंथालयाचा प्रमुख केले. इराणपासून हिंदुस्थानपर्यंत चित्रकाराची थोरवी मोजताना बिहजादचे नाव माप म्हणून घेतले जाऊ लागले. यतीमाच्या डोक्यावर हात ठेवण्याचे पुण्य आपल्या धर्माने किती मोठे मानले आहे, हे वेगळे सांगायला नको. मीरकने नुसता हात ठेवला नाही, त्या मुलाच्या हाती कलमही दिले.

दुसरा मुलगा अबुल हसन. बाप आका रिझा, इराणहून आलेला आणि शाहजादा सलीमच्या पदरी असलेला चित्रकार. मुलगा दरबाराच्या सावलीतच जन्मला. घरात कागद, शाई, रंग, कुंचले. १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने जर्मन चित्रकार ड्यूररच्या एका मुद्राचित्रावरून संत योहानाची आकृती रेखाटली. मूळ चित्र ख्रिस्ताला सुळावर दिल्याचे. त्यातले सगळे बाजूला ठेवून या पोराने दुःखाने हात जुळवून उभा असलेला एकच माणूस निवडला. हे रेखाटन आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. सलीम पुढे जहांगीर झाला आणि त्याने अबुल हसनला ‘नादिरुज्जमान’ हा किताब दिला.

तिसरा मुलगा दसवंत, पालखी वाहणाऱ्या कहाराचा. घरात ना कागद ना कुंचला, म्हणून भिंतीवर चित्रे काढायचा. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त नोंदवले आहे की एके दिवशी बादशहा अकबराची नजर त्याच्यावर पडली आणि त्याने त्याला शिराझच्या ख्वाजा अब्दुस्समदच्या हवाली केले. थोड्याच काळात तो आपल्या युगातला पहिल्या प्रतीचा चित्रकार झाला. महाभारताचा फारसी अनुवाद ‘रज्मनामा’ सचित्र करायचा ठरला, तेव्हा त्यातल्या तीसएक चित्रांची आखणी दसवंतने केली. कहाराचा मुलगा, शिराझचा उस्ताद आणि व्यासांचे महाभारत, असा हा संगम आहे. धर्मांच्या भिंती दाखवायला जे उत्सुक असतात, त्यांनी या भिंतीवरच्या चित्रांकडेही एकदा पाहावे.

या मुलांची तालीम कशी होई? कारखान्यात आलेल्या शागिर्दाला लगेच चित्र काढू देत नसत. आधी रंग घोटायचे. खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले बांधायचे. अकीकाच्या दगडाने कागद घासून गुळगुळीत करायचा. मग उस्तादांच्या रेषा गिरवायच्या, पुन्हा पुन्हा. हरणाच्या पातळ कातड्यावर आकृती छापून घ्यायची, रेषेवर बारीक छिद्रे पाडायची आणि त्यांतून कोळशाची पूड झटकून ती दुसऱ्या कागदावर उतरवायची. आजच्या शिक्षणशास्त्राला हे घोकंपट्टीसारखे वाटेल. नक्कल करायला लावली की मुलाची प्रतिभा मरते, असे आपण सर्रास म्हणतो. पण अबुल हसनचे ते रेखाटन नक्कलच आहे आणि तरीही ते त्याचे आहे. काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे त्याने ठरवले. म्हणजे नक्कल वाईट नव्हे. ज्या नकलेत निवडीला जागा नसते ती वाईट.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दसवंतची गोष्ट आपण अकबराच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. ती तशी आहेही. पण तिला दुसरी बाजू आहे. बादशहाची पालखी दुसऱ्या वाटेने गेली असती तर? त्या काळी भिंतीवर रेघोट्या ओढणारी अशी किती मुले असतील, ज्यांच्यावर कुणाचीच नजर पडली नाही? पावसाने भिंती धुतल्या गेल्या आणि पोरे बापाच्या खांद्यावरचा दांडा आपल्या खांद्यावर घेऊन चालू लागली. बादशहाच्या नजरेवर अवलंबून असलेली कृपा ही कृपाच असते, तिला न्याय म्हणता येत नाही.

शिवाय ती नजर तरी आकाशातून पडली होती का? अकबर स्वतः लहानपणी चित्रकला शिकला होता, आणि तीही याच ख्वाजा अब्दुस्समदकडून. अक्षरओळखीत मागे राहिलेल्या या मुलाने रेषेची ओळख करून घेतली होती. म्हणून पुढे भिंतीवरच्या रेषा त्याला दिसल्या. इतरांना त्या घाण दिसल्या असतील. पाहणारा डोळाही घडवावा लागतो. ज्या शिक्षकाने कधी पेन्सिल धरली नाही, त्याला वहीच्या मागच्या पानावरचा घोडा म्हणजे बेशिस्तच वाटणार. आमच्या शाळांमध्ये चित्रकलेचा तास सर्वांत आधी गणिताला दिला जातो, तेव्हा आपण मुलांबरोबर शिक्षकांचेही डोळे मिटत असतो.

आपल्या समाजात याला आणखी एक अडचण आहे. सजीवांची चित्रे काढणे जायज की नाजायज, हा वाद जुना आहे आणि तो मनापासून बाळगणाऱ्यांचा मला आदर आहे. पण अकबराचा एक विचार अबुल फजलने नोंदवला आहे, तोही ऐकावा. चित्रकार एकेक अवयव रंगवत जातो, पण त्यात जीव ओतता येत नाही, हे त्याला कळते; म्हणून जीव देणाऱ्याची आठवण त्याला इतरांपेक्षा अधिक होते, असा त्याचा आशय आहे. हा युक्तिवाद कुणाला पटेल, कुणाला नाही. ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी खत्ताती आहे, बेलबुट्टी आहे, भौमितिक नक्षी आहे. मुलाच्या हाताला यांपैकी एखादी वाट मिळाली पाहिजे. हात बांधून ठेवणे हा मात्र कोणत्याच मताचा अर्थ होत नाही.

आणि मुली? जहांगीराच्या चित्रसंग्रहात नादिरा बानू या स्त्रीने काढलेली चित्रे आहेत आणि तिने स्वतःला आका रिझाची शागिर्द म्हटले आहे. त्या काळात एका उस्तादाने मुलीला शिकवले आणि तिने सही केली. आज आपण मुलीचे कसब मेंदीच्या कोनापर्यंतच येऊ देतो आणि तिथे थांबवतो.

आता मालकीचे. अबुल हसनविषयी लिहिताना जहांगीर सांगतो की त्याच्या लहानपणापासून आपण त्याच्या तालमीकडे लक्ष दिले. ते खरेही असेल. पण या वाक्यात पोसणाऱ्याचा अभिमान आहे, आणि हा मोह प्रत्येक शिक्षकाला होतो. ‘माझा विद्यार्थी’ म्हणताना जोर ‘माझा’वर पडतो. दसवंतच्या शेवटाने या मोहाला उत्तर दिले आहे. कीर्तीच्या शिखरावर असताना त्याच्या मनाचा तोल गेला आणि १५८४ साली त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. अबुल फजल हे मोजक्या शब्दांत सांगतो. कारणांचा तर्क करण्याचा मला अधिकार नाही. मन आजारी पडायला दरबार लागत नाही, झोपडीतही ते पडते. पण एक गोष्ट मनाला लागते. त्याच्या हाताविषयी इतके लिहिणाऱ्या दरबारात त्याला काय हवे होते, तो कुणाशी बोलत असे, याविषयी ओळही नाही. त्याच्या आईचे नाव नाही. सर्वांना हुनर दिसले. मुलगा कितपत दिसला?

म्हणून मला वाटते, हुनर ही अमानत आहे. मुलाकडे ती देणाऱ्याने ठेवली आहे, आणि बाप, उस्ताद, बादशहा हे सारे तिचे राखणदार आहेत. अमानतीवर मालकी सांगता येत नाही आणि ती पाहूनही न पाहिल्यासारखे करणे ही खयानत आहे. अमानत ज्या भांड्यात ठेवली आहे ते भांडे सांभाळणे हाही राखणदारीचाच भाग आहे.

अकबराच्या कारखान्यात एक रीत होती. दर आठवड्याला दारोगे आणि कारकून सर्वांची कामे बादशहासमोर ठेवीत आणि कामाच्या गुणाप्रमाणे बक्षीस किंवा पगारवाढ मिळे. शंभराहून अधिक चित्रकार त्यातून नामांकित झाले, असे अबुल फजल म्हणतो. दसवंत एकदा दिसला तो योगायोगाने. हे शंभर मात्र दर आठवड्याला पाहिले गेले म्हणून घडले. आपल्याकडे बादशहा नाहीत, आणि ते बरेच आहे. पण आठवडा आपल्याकडेही आहे, वर्गही आहे आणि मागच्या बाकावर वहीत काहीतरी लपवणारे मूलही आहे. त्याची वही हिसकावून घेण्याआधी एकदा उघडून पाहावी, आणि वही पाहून झाल्यावर मान वर करून त्या मुलाच्या चेहऱ्याकडेही पाहावे.