मखराची मागची बाजू



चवथ जवळ आली. गोव्यात नि बेळगावकडे यंदा बऱ्याच घरी प्लायवूडची जाळी स्वतः कापून मखर करायचं चाललंय, म्हणून एक प्रश्न मांडतो. मखराची मागची बाजू भिंतीला लागते. तिच्या कापलेल्या कडा घासायच्या की सोडून द्यायच्या?

हसू नका. नक्षी कापायच्या फ्रेट सॉचे दात खाली वळलेले असतात. पातं खाली येताना कापतं, त्यामुळे वरची बाजू स्वच्छ राहते आणि कुसा निघतात त्या खालून. जिगसॉ वर येताना कापतो, म्हणून तिथे चांगली बाजू खाली ठेवतात. यंत्र कुठलंही घ्या, खडबडीतपणा न दिसणाऱ्या बाजूला जाईल अशीच आपण सोय करतो.

‘देव मागूनही बघतो,’ असं उत्तर लगेच येतं. चुकीचं नाही, पण फार सोपं आहे. देवाच्या बोटात कूस जात नाही. ती जाते मखर पुसणाऱ्या हातात. विसर्जनानंतर मखर सोडवणं, माळ्यावर चढवणं, पुढल्या वर्षी उतरवून धूळ झटकणं हे घरात कोण करतं? आई, सून, नाहीतर कामाला येणारी बाई. आरतीच्या फोटोत त्या बहुतेक नसतातच. पुढची बाजू पाहुण्यांसाठी असते, मागची यांच्या वाट्याला येते. आम्हाला वाटतं, त्या बाजूवर पहिला हक्क त्यांचा आहे.

मेस्त्रीकडून करून घेणाऱ्यांना थोडं कडक बोलतो. बारीक नक्षीत कापण्याहून जास्त वेळ कडा घासण्यात जाऊ शकतो, आणि आपण भाव ठरवतो फुटावर. मागूनही घासून हवं असेल तर मजुरी आधी वाढवून बोला. पैसे तेवढेच ठेवून ‘देवाचं काम आहे, नीट करा’ म्हणायचं, म्हणजे भक्ती आपली आणि घाम दुसऱ्याचा. हे पटत नाही.

स्वतः करणाऱ्यांनी आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर घ्यावा, मग 220. बारीक भोकांत बोट जात नाही. तिथे पेपरची अरुंद पट्टी कापून तिच्या पाठीला चिकटपट्टी लावा, म्हणजे फाटत नाही, आणि भोकातून ओवून मागे-पुढे ओढा. मग ओलसर फडका फिरवून वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतात, त्यांवर पुन्हा 220 चा हलका हात. जोर लावू नका. वेलीचा दांडा मोडतो, पानाचं टोक बोथट होतं. (अति गोड बोलणाऱ्यांचं होतं तसंच!) नाकाला रुमाल बांधा, मदतीला बसलेल्या मुलांनाही.

तपासायला नुसती नजर पुरत नाही. जुन्या पातळ साडीचा तुकडा घेऊन मागून सगळीकडे फिरवा. जिथे अडकेल तिथे अजून कूस आहे.