कानाची साक्ष

जी वस्तु बिघडलेली नाहीं ती सुधारण्याची इच्छा मनुष्यास कां होते, हा प्रश्न तसा जुना आहे. परंतु अलीकडे तो आम्हांस एका अगदीं नव्या ठिकाणीं भेटला. सीडी प्लेयर नांवाचें यंत्र आतां बाजारांत बरेंच मागें पडलें आहे. तथापि त्याचे भक्त उरले आहेत, आणि देवळांतली गर्दी जसजशी ओसरली तसतशी त्यांची उपासना अधिकाधिक सूक्ष्म होत गेली. लाखों रुपयांचें उत्तम यंत्र विकत घ्यावयाचें, आणि वर्ष लोटतें न लोटतें तोंच तें उघडून त्यांतील कपॅसिटर, ऑप-अ‍ॅम्प, ताल राखणारा स्फटिक हें सर्व बदलावयाचें, असा त्यांचा क्रम असतो. पैसा त्यांचा आहे. तो त्यांनीं कसा वेचावा हें सांगणारे आम्ही कोण? आमची जिज्ञासा निराळी आहे. हा खटाटोप संपल्यावर तो गृहस्थ मोठ्या समाधानानें सांगतो कीं, तंबोरा आज प्रथमच खरा ऐकूं आला. तो लबाडी करीत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण तो जें सांगतो तें खरें असतें काय?

यासाठीं यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. सोनी व फिलिप्स या कंपन्यांनीं १९८० सालीं जे नियम ठरविले त्यांप्रमाणें सीडीवर ध्वनि कोरलेला नसतो, अंक कोरलेले असतात. डाव्या व उजव्या बाजूच्या ध्वनीचें दर सेकंदास ४४,१०० वेळां माप घेतात, आणि तें माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीवर पडलें एवढेंच त्या १२ सेंटीमीटर व्यासाच्या तबकडीवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपानें नोंदलेलें असतें. लेसरचा किरण हे खळगे वाचतो, वाचण्यांत झालेल्या बहुतेक चुका गणिताच्या योजनेनें दुरुस्त होतात, आणि मग एक चिप त्या अंकांपासून पुनः ध्वनीची विद्युत् लहर तयार करिते. ग्रामोफोनचें असें नव्हतें. तेथें सुई, तिचा दांडा, फिरणारी थाळी यांपैकीं प्रत्येकाच्या दोषाची खूण आवाजावर उमटे. सीडीवरून वाचलेला अंक एक तर बरोबर असतो किंवा चूक असतो. तो अधिक मधुर असूं शकत नाहीं. असें असतांही १९९० च्या सुमारास तबकडीच्या कडेस हिरवी शाई फांसली असतां आवाज सुधारतो, असा समज पाश्चात्त्य शौकिनांत पसरला होता. आणि शाई फांसणाऱ्यांस तो सुधारलेला आवाज ऐकूंही येत असे!

याचा अर्थ सर्वच सुधारणा म्हणजे भ्रम, असा मात्र नव्हे. १९८२ च्या ऑक्टोबरांत जपानांत सोनीचें पहिलें यंत्र विक्रीस आलें. त्याच सुमाराच्या फिलिप्सच्या पहिल्या यंत्रांतील चिप १६ बिटांची नसून १४ बिटांचीच होती, आणि ती उणीव एका चतुर युक्तीनें भरून काढावी लागली. अंकांपासून ध्वनि करण्याच्या पायरीवर दोष असतात, व ते कमी करितां येतात. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षें सुकत जातात, लेसर क्षीण होतो. ते बदलणें ही शुद्ध दुरुस्ती होय. आमचा प्रश्न त्यापलीकडच्या प्रदेशाचा आहे. फिलिप्सच्या टीडीए १५४१ए या जुन्या चिपेचे कांहीं निवडक नग मुकुटाची खूण छापून निघत. त्यांची अचूकता इतरांहून किंचित् अधिक असे. असा नग शोधून, भारी किंमत देऊन, निरोगी यंत्रांत बसविला कीं जणुं पडदा दूर झाला असें बसविणारा सांगतो. मुकुट डोळ्यांस दिसतो यांत शंका नाहीं. तो कानास ऐकूं येतो काय, हाच वाद.

आमच्या नैयायिकांनीं प्रत्यक्षाचें लक्षण करितांना इंद्रिय आणि विषय यांचा संयोग झाला एवढ्यावर समाधान मानलें नाहीं. तें ज्ञान अव्यभिचारी असलें पाहिजे, अशी अट घातली. भाष्यकार वात्स्यायनानें तेथें मृगजळाचा दाखला दिला आहे. मृगजळ पाहणाऱ्याचे डोळे अधू नसतात, आणि तो खोटारडाही नसतो. जें दिसलें त्यांत त्याच्या मनानें पाणी ओतलेलें असतें. श्रवणाचेंही तसेंच आहे. भागाची किंमत ठाऊक आहे, रविवारचा अर्धा दिवस डाग देण्याच्या धुरांत गेला आहे, अशा वेळीं जो कान ऐकतो तो एकटा ऐकत नाहीं. त्यांतून आवाज नकळत किंचित् मोठा झाला तर तो मोठा न वाटतां चांगला वाटतो, ही ध्वनिशास्त्रांतील परिचित गोष्ट आहे. आणि वाढत्या वयाबरोबर वरचे सूक्ष्म नाद ऐकण्याची शक्ति कमी होत जाते. म्हणजे असलें यंत्र घेण्याइतकी ऐपत येते तोंवर तें पुरतें ऐकण्याचे दिवस बहुधा सरलेले असतात, हा एक विनोदच म्हणावयाचा.

या भ्रमावर उतारा सोपा आहे. सुधारलेलें यंत्र आणि त्याच जातीचें मूळचें यंत्र अशीं दोन पडद्याआड ठेवावीं, दोहोंचा आवाज मीटरनें मोजून अगदीं सारखा करावा, आणि कोणतें वाजत आहे हें न सांगतां सोळा वेळां विचारावें. नुसत्या अदमासानें आठाच्या आसपास उत्तरें बरोबर येतील. बारा आलीं तर फरक खरोखर ऐकूं येतो असें मानण्यास हरकत नाहीं. याहून मोठ्या भेदाची परीक्षा २००७ सालीं मेयर व मोरन या दोघांनीं अमेरिकेंत प्रसिद्ध केली. सीडीहून सूक्ष्म मापांनीं मुद्रित केलेला ध्वनि त्यांनीं मध्येंच सीडीच्या मापांतून गाळून घेतला, आणि श्रोत्यांस भेद ओळखावयास सांगितला. ५५४ पैकीं २७६ वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें उडवूनही इतकेंच साधलें असतें. पुढें या प्रयोगावर आक्षेप आले, आणि २०१६ सालीं जोशुआ रीस यांनीं अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ भरलें, शिकवून तयार केलेल्या कानांचें त्याहून अधिक. तेव्हां कांहीं तरी ऐकूं येतें, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु ध्वनीचीं मापेंच बदललीं असतां जेथें एवढाच फरक पडतो, तेथें एका कपॅसिटरनें पडदा दूर व्हावा हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

विशेष हें कीं, पुष्कळ शौकीन ही परीक्षा देण्यास राजी नसतात. परीक्षेच्या दडपणानें कान बधिर होतो, असें ते म्हणतात. आणि त्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. पण जो भेद घरीं बसून पहिल्या स्वरासच कळला, तो मध्यें पडदा येतांच नाहींसा व्हावा, हें चमत्कारिक खरें. कोणी तंबोऱ्याचा दाखला देतात: घोडीवर तारेखालचा धागा केसभर सरकविला कीं तार बोलूं लागते, तो फरकही कल्पनेचाच काय? मुळींच नव्हे. मिरजेच्या कारागिरानें लावलेली जवारी डोळे मिटून बसलेल्या पोरासही कळते. तो दाखला आमच्याच बाजूचा आहे.

आतां कोणी म्हणेल, त्या गृहस्थास सुख झालें ना? मग तें कशानें झालें याची उठाठेव कां? सुख खरेंच झालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. हौसेनें, हातांनीं केलेल्या कामाचा आनंद तर अगदीं निर्मळ आहे. तो गृहस्थ 'हें मला आवडतें' एवढेंच म्हणता तर आमचा लेख येथेंच थांबता. पण तो 'मीं ऐकलें' असें म्हणतो. ही साक्ष आहे, आणि तिच्या भरंवशावर दुसरा कोणी आपली शिल्लक मोडतो. याहूनही मोठी हानि त्याची स्वतःची आहे. रसिकापाशीं कानावांचून दुसरें भांडवल नाहीं. ज्या कानानें किमतीच्या सांगण्यावरून कपॅसिटरचा गुण ऐकला, तो उद्यां कीर्तीच्या सांगण्यावरून गवयाचा गुण ऐकेल; आणि कीर्ति नसलेला कोणी खरा गवई समोर बसून गाऊं लागला तर त्याचें गाणें यास ऐकूंच येणार नाहीं.

१९३७ सालीं दिवंगत झालेले अब्दुल करीम खां यांचीं ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील गाणीं आतां सीडीवर मिळतात. एकेक गाणें तीन मिनिटांचें, वर सुईची खरखर, आणि त्या काळच्या मुद्रणांत वरचे सूक्ष्म नाद फारसे उतरलेलेच नाहींत. साध्या यंत्रावरही तो स्वर ऐकणाऱ्याच्या काळजास हात घालतो. सुधारलेल्या यंत्राचे धनी ही सीडी आल्यागेल्यास सहसा लावून दाखवीत नाहींत. ती चांगली नाहीं असें ते म्हणत नाहींत. तिच्यावर यंत्राचें कांहीं कळत नाहीं, असें म्हणतात, आणि झांजांचा झणत्कार असलेली दुसरी एखादी तबकडी लावतात.