उतारशाळेचा हिशेब

चांगल्या शोमरोन्याचा दाखला ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही बहुधा माहीत असतो. येरुशलेमहून यरीहोकडे निघालेल्या एका वाटसरूला लुटारू मारतात आणि अर्धमेला करून टाकून जातात. याजक बघतो आणि बाजूने निघून जातो, लेवीही तेच करतो. यहुदी ज्याच्या हातचं पाणी घेणार नाहीत, असा शोमरोनी तेवढा थांबतो. आमच्याकडची बहुतेक प्रवचनं त्याच्या कळवळ्यावर येऊन संपतात. मला त्यानंतरच्या दोन-तीन ओळी जास्त मोलाच्या वाटत आल्या आहेत. तो जखमीला आपल्या जनावरावर घालतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची शुश्रूषा करतो. सकाळी उतारशाळेवाल्याच्या हातावर दोन नाणी ठेवतो, वर खर्च झाला तर परत येताना देईन असं सांगतो, आणि आपल्या कामाला लागतो. या सगळ्यात जखमी माणूस एक शब्दही बोलत नाही. तो आभार मानत नाही, वाचवणाऱ्याचं नाव विचारत नाही, त्याच्या धर्मात येतो असंही म्हणत नाही. येशूने त्याच्या तोंडी कृतज्ञतेचं एकही वाक्य घातलं नाही. ख्रिस्ती माणसाच्या दयेची कसोटी मला इथे सापडते: कळवळा आला, तर त्यापुढची सोय लावलीस का? आणि ज्याचं भलं केलंस, त्याला तुझ्या ऋणातून मोकळं सोडलंस का?

ही कसोटी मानखुर्दमध्ये लावून पाहावी असं मला वाटतं. हार्बर लाईनवर खाडीपुलाच्या अलीकडचं हे मुंबईचं शेवटचं स्टेशन. रेल्वेमार्गांच्या कडेला, रस्त्यांच्या आणि उड्डाणपुलांच्या आड येणाऱ्या ज्या झोपड्या शहराने उठवल्या, त्यांतली हजारो कुटुंबं मानखुर्द-गोवंडीच्या पट्ट्यात आणून वसवली. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड ही त्यांतली ठळक नावं. घर 225 चौरस फुटांचं, पक्कं, कागदावर स्वतःच्या नावाचं. पण दोन इमारतींमधलं अंतर इतकं कमी की खालच्या मजल्यांवर दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने इथल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. 2018च्या सुमारास त्याचे निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा ऊन-वारा न शिरणारी घरं आणि क्षयरोग यांचा संबंध स्पष्ट दिसला. म्हणजे माणसं आजारी पडत होती त्यात इमारतींच्या नकाशाचाही हात होता.

अशा इमारतीत क्षयाच्या रोग्याशी दयेने वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं? साध्या क्षयाचं औषध किमान सहा महिने घ्यावं लागतं. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात थोडी ताकद येते, कामावर खाडा परवडत नाही आणि गोळ्या सुटतात. त्यातून पुढे औषधांना दाद न देणारा क्षय उभा राहतो, तो बरा करणं कितीतरी अवघड. घरात रोग्याचं ताट-वाटी वेगळी होते, शेजारीण दारातूनच बोलायला लागते, आणि लग्नाची मुलगी असेल तर आजाराचं नावच घेतलं जात नाही. मी अशा घरांतून जाणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. त्यांतल्या एका मावशींची रीत लक्षात राहिली. आल्या की त्या आधी खिडकी उघडत, रोगी मुलीला मास्क आहे ना ते बघत आणि मग तिच्या शेजारी पलंगावरच बसत. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन रिकामे कप्पे मोजत. मुलीच्या खात्यात सरकारी पोषण आहाराचे पैसे जमा झाले की नाही, हे पासबुकात बोट फिरवून बघत. जमा नसले तर दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गोवंडीच्या शताब्दी हॉस्पिटलात, केसपेपर घेऊन लाईनीत. प्रार्थना करू का, असं त्या विचारत. मुलगी नको म्हणाली तर विषय तिथेच संपे, गोळ्या मोजणं मात्र चुकत नसे. येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या हात लावण्याचा अर्थ मला पलंगावरच्या त्या बसण्यात जास्त कळला.

नाताळच्या आधी होणारी वाटपं याउलट असतात. मंडप पडतो, बॅनरवर देणाऱ्यांची नावं येतात, टोकन घेऊन रांग लागते, आणि तांदूळ-तेलाची पिशवी हातात पडताना फोटो निघतो. फोटोच्या क्षणी पदर तोंडावर ओढून घेणारी बाई ज्याने एकदा पाहिली, त्याला त्या पिशवीची किंमत कोणी चुकवली हे वेगळं सांगावं लागत नाही. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नये, अशी शिकवण डोंगरावरच्या प्रवचनात आहे. ती आम्हाला पाठ आहे, तरी कॅमेरे आम्ही बंद करत नाही. वाटप वाईट असं मी म्हणणार नाही, भुकेल्या घरात तांदूळ तांदूळच असतो. पण घेणाऱ्याचा चेहरा मागणारी मदत ही उधारीच आहे, आणि ती वसूलही लगेच होते.

ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत इथे आणखी एक गाठ आहे. आपण कुणाच्या दारात मदत घेऊन गेलो की हा धर्मांतराला आलाय का, ही शंका घरात आपल्या आधी पोहोचलेली असते. काही जण तिला भिऊन घरीच बसतात, काही जण चिडतात. मला दोन्ही पटत नाहीत. शंका घेणाऱ्याला तसं कारण कधीतरी, कुठेतरी मिळालेलं असू शकतं. ती फिटते ती बिनशर्त कामाने, आणि त्यालाही वर्षं लागतात. मराठी मुलखात याचं एक मोठं उदाहरण आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईत आले आणि नागपाड्याच्या गिरणी-कामगार, मुस्लिम, ज्यू, हिंदू अशा मिश्र वस्तीत त्यांनी सर्वांना खुलं असं ‘नेबरहुड हाउस’ चालवलं. तिथे काम करताना त्यांना दिसलं, की चांगलं मन पुरत नाही, गरिबांत काम करणं शिकावं लागतं. त्यातून 1936 साली टाटांच्या साहाय्याने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आज आपण त्याला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतो. 1954 पासून ही संस्था देवनारला, मानखुर्दच्या हाकेवर आहे. एका मिशनऱ्याच्या सेवेतून असं शिक्षण उभं राहिलं, ज्याच्या दारात कुणाचा धर्म विचारला जात नाही. मला यात ख्रिस्ताची साक्ष कुठेही कमी झालेली दिसत नाही.

आणि मानखुर्दचा स्वतःचाच एक माणूस आहे. जॉकिन अर्पुथम कोलार गोल्ड फील्ड्समध्ये एका तमिळ ख्रिस्ती घरात 1946 साली जन्मले, हातात सुतारकाम घेऊन 1963च्या सुमारास मुंबईला आले आणि मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहिले. राहिले म्हणजे कित्येक दिवस उघड्यावर झोपले. वस्तीतला कचरा महापालिका उचलत नव्हती. त्यांनी मुलांना गोळा केलं, गाणी शिकवली, शाळा भरवली, आणि त्याच मुलांबरोबर कचरा उचलून महापालिकेच्या कार्यालयापुढे नेऊन टाकला. नंतर कचरा उचलला जाऊ लागला. ही दया का, असा प्रश्न कुणी विचारील. माझ्या लेखी ही दयाच, तीही उच्च प्रतीची, कारण तिने वस्तीला हात पसरायला लावलं नाही, हक्काने दार ठोठावायला शिकवलं. 1976च्या मे महिन्यात, आणीबाणीत, भाभा अणुसंशोधन केंद्राशेजारची ती वस्ती उठवली गेली आणि सुमारे 70,000 माणसं चीता कॅम्पला हलवली गेली. वस्ती वाचवण्यात अर्पुथम हरले, पण लोकांना सोडून गेले नाहीत. त्यांनी उभारलेला झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि ‘स्पार्क’, ‘महिला मिलन’ या संस्था पुढे एकत्र आल्या, तेव्हा रेल्वेकडेच्या कुटुंबांची मोजणी आणि पुनर्वसन त्या लोकांनी स्वतः हाती घेतलं. 2000 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2018च्या ऑक्टोबरात ते गेले. त्यांच्या श्रद्धेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण शेजाऱ्याबरोबर बेघर होणं आणि त्याच्याबरोबरच घर मागणं, हे मला शुभवर्तमानाच्या फार जवळचं वाटतं.

देण्याइतकीच घेण्याची गोष्टही शिकावी लागते, आणि ती आम्हाला कमी येते. येशू शोमरोनी बाईच्या विहिरीवर बसला तेव्हा त्याने आधी तिच्याकडे पाणी मागितलं. लक्ष्मीबाई टिळक वडिलांच्या सोवळ्याच्या धाकात वाढल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी घेतला. मधल्या काळात त्यांच्या मनातून विटाळ कसा गळून पडला, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं. विटाळ मनातून गेल्याशिवाय दुसऱ्याच्या हातचं समाधानाने खाता येत नाही, आणि ते येत नसेल तर देणारा कायम वरच्या पायरीवर राहतो. आमच्या चाळीत-इमारतीत दिवाळीला शेजारून फराळाचं ताट येतं, नाताळला आमच्या करंज्या आणि शंकरपाळे जातात, आणि ताट रिकामं परत करत नाहीत. ही रीत मी लहान समजत नाही. क्षय झालेल्या मुलीच्या घरी तिच्या आईने पुढे केलेला चहा न टाळणं, हाही त्याच रीतीचा भाग आहे.

एक कटू गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मानखुर्दच्या वस्त्यांतल्या अनेक बाया सकाळी चेंबूरला आणि खाडीपलीकडे धुण्याभांड्याला जातात. त्यांच्या मालकिणींत ख्रिस्ती घरंही आहेत. आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापणाऱ्या घराने नाताळला जुनी साडी देऊन काय साधलं? मजुरांची अडवलेली मजुरी देवापुढे ओरडते, असं याकोबाच्या पत्रात फार कडक शब्दांत आहे. उघड्या-भुकेल्याला नुसतं सुखी राहा म्हणून वाटेला लावणाऱ्यालाही त्याच पत्राने सोडलेलं नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्ण पगार, आठवड्याची सुट्टी, आजारपणात भरपगारी रजा, आणि ती हक्काने मिळते हे तिला आधीच सांगून ठेवणं. चर्चमध्ये पाऊल न टाकता करता येण्यासारखी ही दया आहे, आणि चर्चमध्ये रोज जाणाऱ्याला तिच्यातून सूट नाही.

तरीही एकट्याची दया थकते. सहा महिने गोळ्या मोजणारीचीही स्वतःची मुलं असतात, तिचीही नोकरी असते, आणि मुलगी तिसऱ्या महिन्यात दार उघडायचं बंद करते. शोमरोन्याने उतारशाळेवाल्याला सामील करून घेतलं ते यासाठीच, असं मला वाटतं. संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीची रीत याला धरून आहे. 1833 साली फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीच्या तरुणाने ती पॅरिसमध्ये सुरू केली. सदस्य गरिबाच्या घरी दोघं मिळून जातात, त्याला आपल्याकडे बोलावत नाहीत. आपल्या चर्चमधून येत्या नाताळला मंडप, बॅनर आणि फोटोग्राफर यांवर जाणारे पैसे बाजूला ठेवले, तर काही घरांची सहा-सहा महिन्यांची सकस खाण्याची सोय होईल. सरकारच्या ‘निक्षय मित्र’ योजनेत संस्था आणि व्यक्ती क्षयरोग्याच्या आहाराची जबाबदारी घेऊ शकतात, ती आपण घ्यावी. दार उघडेनासं झालं तर जाणारी जोडी बदलावी, आणि कुठल्या घरी कोणी जायचं हे ठरवताना इथे क्षयातून बरी झालेली माणसं बैठकीत असावीत. इमारतींमधल्या अंतराचा प्रश्न महापालिकेपुढे आणि एमएमआरडीएपुढे घेऊन जाणाऱ्या रहिवाशांबरोबर आपणही उभं राहावं, त्यांच्या अर्जावर आपल्याही सह्या असाव्यात.